चौशिंगा : चित्रफलकातला आणि रानातला



नवी मुंबईतील कोणत्याही शाळकरी मुलापुढे रोहित पक्ष्याचे चित्र ठेवले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता त्याचे नाव सांगतो. ठाणे खाडीच्या चिखलात उतरणारे हे गुलाबी थवे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले असोत वा नसोत. शहरातील चौकांतल्या शिल्पांतून आणि भिंतींवरील रंगचित्रांतून हा पक्षी त्याच्या चांगल्या ओळखीचा झालेला असतो. खाडीच्या एका भागास २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तिचा समावेश झाला. या संरक्षणामागे कायदा आहे, शास्त्रज्ञांचे परिश्रम आहेत, आणि चित्रेही आहेत. ज्या प्राण्याचा चेहरा लोकांना ठाऊक असतो, त्याच्यासाठी दोन शब्द बोलणारे पुढे येतात.

आता त्याच मुलापुढे, किंबहुना त्याच्या शिक्षकांपुढे, चौशिंग्याचे चित्र ठेवून पाहावे. बहुतेक जण 'हरिण' म्हणतील. ज्यांचे गाव डोंगरकपारीला आहे ते कदाचित 'भेकर' म्हणतील. एखादा चिकित्सक शिंगे मोजील आणि ती चार भरली म्हणजे चित्रकाराच्या हातून चूक झाली असे समजेल. चूक चित्रकाराची नसते. वन्य सस्तन प्राण्यांमध्ये ज्याच्या डोक्यावर निसर्गतःच चार शिंगे उगवतात असा हा जगातील एकमेव प्राणी होय, आणि त्याचे घर भारत व नेपाळ या दोन देशांबाहेर कोठेही नाही.

हरिण म्हणजे कोण?

मराठीत 'हरिण' हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. जाणकार मात्र त्यात सारंग आणि कुरंग असे दोन भेद करतात. चितळ, सांबर व भेकर हे सारंग होत. त्यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असतात, ती गळून पडतात व पुन्हा नव्याने उगवतात. कुरंगांचे तसे नाही. त्यांच्या शिंगात हाडाचा गाभा असतो, त्यावर पोकळ खोळ चढलेली असते आणि ते शिंग आयुष्यभर डोक्यावर राहते. काळवीट, चिंकारा, नीलगाय आणि चौशिंगा हे चार कुरंग महाराष्ट्रात आढळतात. त्यांतला चौशिंगा सर्वांत लहान, आणि गंमत अशी की, शास्त्रीय वर्गीकरणात त्याचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे घोड्याएवढी थोराड नीलगाय.

चौशिंग्याची खांद्यापाशी उंची जेमतेम दोन फूट आणि वजन सुमारे वीस किलो, म्हणजे एखाद्या मध्यम शेळीएवढे. मागची दोन शिंगे तीन ते चार इंच लांब, सरळ व टोकदार असतात. कपाळावर डोळ्यांच्या वर येणारी पुढची जोडी आणखी आखूड असते व ती मागाहून उगवते. शिंगे फक्त नरास असतात. हा प्राणी कळप करीत नाही. एकटा, फार तर जोडीने किंवा पिलासह, पानझडी रानातील उंच गवतात दडून राहतो. त्याला वरचेवर पाणी प्यावे लागते, त्यामुळे उन्हाळ्यात तो पाणवठ्यापासून फार दूर जाऊ शकत नाही. लेंड्या टाकण्याच्या त्याच्या जागा ठरलेल्या असतात. तो पुनःपुन्हा तेथेच येतो व त्यामुळे लेंड्यांचे लहान ढीग तयार होतात. चाहूल लागताच तो आधी निश्चल उभा राहतो आणि मग झटके देत गवतात नाहीसा होतो. पाहणाऱ्यास दिसते ती केवळ एक तांबूस पाठ. चार शिंगे मोजण्याइतकी सवड तो सहसा देत नाही.

नावांचा गोंधळ

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लेनव्हिल याने १८१६ मध्ये या प्राण्याचे प्रथम शास्त्रीय नामकरण केले व पुढे इंग्रज शास्त्रज्ञ लीच याने त्याच्यासाठी 'टेट्रासेरस' ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. आजचे त्याचे पूर्ण नाव 'टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस' असे आहे. पहिला शब्द ग्रीक, दुसरा लॅटिन, आणि दोहोंचा अर्थ एकच : चार शिंगांचा. आपल्या 'चौशिंगा' या साध्या शब्दाने जे काम एकदाच होते, ते पंडितांनी दोनदा करून ठेवले आहे.

परंतु नाव दोनदा उच्चारल्याने ओळख पक्की होतेच असे नाही. बंगालच्या तोफखान्यातील अधिकारी थॉमस हार्डविक याने चौशिंग्याचे वर्णन लिहिले, ते लंडनच्या लिनियन सोसायटीच्या १८२५ मध्ये निघालेल्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यात त्याने या प्राण्यास 'चिकारा' म्हटले. त्याच्या कानावर स्थानिक लोकांकडून ते नाव आले असावे. तथापि चिकारा किंवा चिंकारा म्हणून देशाच्या मोठ्या भागात ओळखला जाणारा प्राणी वेगळाच. माळरानावर राहणारा, दोन शिंगांचा, सडपातळ. म्हणजे ज्या प्राण्याची ख्याती त्याच्या चार शिंगांमुळे, त्याला दोन शिंगे असलेल्या प्राण्याचे नाव मिळाले.

त्या दोन शिंगांच्या चिंकाऱ्यास शास्त्रीय नाव मिळाले ते आपल्या दख्खनमधूनच. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा १८२४ पासून मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची आकडेवारी गोळा करीत होता. गावोगाव पिके, जमीन, हवामान व लोकसंख्या यांची टिपणे घेताना त्याने पशुपक्ष्यांचीही नोंद ठेवली आणि १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे मांडली. चिंकाऱ्यास त्याने दिलेले 'बेनेटी' हे जातिनाम आजही प्रचलित आहे. विशेष म्हणजे त्याने मराठ्यांच्या तोंडचे नावही सोबत नोंदविले : रोमन अक्षरांत 'कालसिपी', अर्थ काळी शेपटी. चिंकारा उभा असताना त्याची काळी शेपूट सतत हलत असते. दख्खनच्या मेंढपाळाने जी खूण पाहून नाव ठेवले ती अचूक होती, आणि आकडेमोड करणाऱ्या अधिकाऱ्याने ती टिपून घेतली हेही तितकेच महत्त्वाचे.

दुसरा अधिकारी वॉल्टर एलियट. दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे धारवाड-बेळगावच्या बाजूस, तो महसुली कामावर होता. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चेन्नम्मांनी कंपनी सरकारशी झुंज दिली. त्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि तरुण एलियट राणीच्या सैन्याच्या हाती लागला. सुटका झाल्यावर पुढील काळात त्याने याच मुलखातील प्राण्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १८३९ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. चौशिंग्याविषयी तिच्यात एक मोलाची गोष्ट आहे. दक्षिणेकडील नरांमध्ये पुढच्या शिंगांच्या जागी पुष्कळदा केवळ उंचवटे असतात. म्हणून एलियटने त्याला जे लॅटिन नाव दिले, त्याचा भावार्थ 'जेमतेम चार शिंगांचा' असा होतो. दक्षिणेकडच्या चौशिंग्याच्या उपजातीस आजही हेच नाव लावतात. तेव्हा चौशिंगा म्हटला की चार शिंगे दिसलीच पाहिजेत, हा हिशेबही सर्वत्र लागू पडत नाही.

दगडावर उमटलेला कुरंग

शब्द असे निसटत असताना चित्राची गरज उघड होती. हार्डविकने हिंदुस्थानी चित्रकारांना पदरी ठेवून हजारो प्राणिचित्रे काढून घेतली. सुमारे साडेचार हजार चित्रांचा तो संग्रह त्याच्या मृत्यूनंतर ब्रिटिश म्युझियमकडे गेला. ज्यांच्या बोटांनी ती चित्रे काढली, त्यांपैकी बहुतेकांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

पुण्यातील एका चित्रकाराचे नाव सुदैवाने उरले आहे. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट याने १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. ते आज अमेरिकेतील येल येथील संग्रहात आहे. पुणे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकला शिकविण्याची व्यवस्था झाली, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिच्यावर देखरेख करू लागला आणि गंगाराम तेथील सर्वांत नावाजलेला कलावंत ठरला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये वेल्स गेला आणि त्या उपक्रमाचा आधारच सुटला. तो टिकता, तर महाराष्ट्राच्या रानातील जनावरे मराठी चित्रकाराच्या हातून, मराठी नावांसह कागदावर उतरली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

चौशिंग्याच्या वाट्यास आलेला सर्वांत देखणा चित्रफलक मात्र लंडनमध्ये तयार झाला. 'द बुक ऑफ अँटिलोप्स' हा चार खंडांचा ग्रंथ १८९४ ते १९०० या काळात प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते फिलिप स्क्लेटर आणि ओल्डफील्ड टॉमस. जगातील कुरंगांची त्यात शंभर रंगीत चित्रे असून चौशिंगा पहिल्याच खंडात आहे. मूळ कल्पना सर व्हिक्टर ब्रुक या आयरिश गृहस्थाची. कुरंगांवर असा ग्रंथ लिहावा म्हणून त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी जोसेफ वुल्फ या जर्मन चित्रकाराकडून चित्रे काढून घेतली होती. ग्रंथ लिहिण्यापूर्वीच, १८९१ मध्ये, ब्रुक निवर्तला. तयार चित्रे दुसऱ्या दोघा अभ्यासकांनी उपयोगात आणली आणि वुल्फच्या रेखाटनांवरून जोसेफ स्मिट या डच कारागिराने ती शिळेवर उतरविली.

शिळाछापाची ही रीत समजून घेण्याजोगी आहे. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, शिळा ओली करावयाची आणि वर शाई फिरवावयाची. पाणी व तेल यांचे हाडवैर असल्याने शाई फक्त रेषांवर बसते, कोऱ्या जागी चिकटत नाही. मग कागद दाबून छाप घ्यावयाचा. या ग्रंथातील छापांवर रंग हाताने भरलेले आहेत. समोर ठेवलेल्या नमुन्याबरहुकूम, एकेका प्रतीवर, कुंचल्याने. पाठीचा तांबूस रंग किती गडद असावा आणि पोटाकडे तो कोठे फिका व्हावा, हे त्या रंगविणाऱ्या हातांवर अवलंबून असे.

ज्या वर्षी लंडनमध्ये या ग्रंथाचे प्रकाशन सुरू झाले, त्याच १८९४ साली मुंबईत गिरगावात राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना सुरू झाला. तेथे प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरून रंगीत चित्रे छापीत, म्हणून ती स्वस्त पडत. अशा छापील चित्रांतील लक्ष्मी आणि सरस्वती मराठी घराघरांच्या भिंतीवर आल्या. तंत्राचे कूळ एकच होते. पण एका शहरात त्या दगडावर कुरंग उमटले आणि दुसऱ्या शहरात देवता उमटल्या. देवतांना घरोघरी जागा मिळाली यात वावगे काही नाही. इतकेच की, रानातला चौशिंगा महागड्या ग्रंथातून साहेबांच्या कपाटात गेला आणि ज्यांच्या शिवारात तो चरत होता त्यांच्यापर्यंत कधीच पोचला नाही.

अशा जुन्या ग्रंथांचे पुढे काय होते, तेही सांगितले पाहिजे. जुन्या चित्रांचे व्यापारी कित्येकदा ग्रंथ उसवून एकेक चित्रफलक सुटा विकतात. तो चौकटीत बसतो आणि एखाद्या दिवाणखान्याची किंवा उपाहारगृहाची शोभा वाढवितो. मजकूर मागे राहतो. प्राणी कोठला, कोणी मारला, कोणत्या ऋतूतला, हे सारे त्या मजकुरात असते. मथळा कापलेला चौशिंगा हा निव्वळ एक गोजिरवाणा पशू उरतो. चित्र आणि नोंद एकत्र असतात तोवरच त्या कागदाला पुराव्याचे मोल असते.

मुंबईने हे ओळखले होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. या संस्थेने १९११ ते १९२३ या काळात देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली. तिचा पहिला अहवाल खानदेशचा. पुढे १९४८ मध्ये संस्थेचे संग्रहपाल एस. एच. प्रेटर यांनी भारतीय प्राण्यांवरील सचित्र ग्रंथ सिद्ध केला. घटना समितीचे सदस्य म्हणूनही काम केलेल्या या गृहस्थाचा तो ग्रंथ वन विभागातील कित्येक पिढ्यांनी हाताळला आहे.

नोंदवहीतील रकाना

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत चौशिंगा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेने त्यास असुरक्षित मानले आहे. ताडोबा, मेळघाट, नागझिरा येथे तो आहे. नवी मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्याच्या प्राणिसूचीत त्याचे नाव भेकराच्या शेजारीच असते. प्रश्न आहे तो अभयारण्यांच्या सीमेबाहेरचा. पानझडी रान तुटते, गवताला वणवा लागतो, उन्हाळ्यातला एकुलता पाणवठा गुरे व कुत्री यांनी व्यापलेला असतो. एकट्यादुकट्याने राहणारा हा प्राणी एखाद्या डोंगरातून नाहीसा झाला, तर कळप नाहीसा झाल्यासारखी पोकळी कोणास जाणवत नाही. गावकरी म्हणतात, "भेकरं आहेत अजून." आणि ते खरेही असते. भेकर असते, चौशिंगा गेलेला असतो.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. कोकण भवनातील कचेऱ्यांपासून पाड्यावरील शाळेपर्यंत अनेकांचा या नोंदवहीशी संबंध येतो. तिच्यात चौशिंगा 'भेकर' म्हणून लिहिला गेला, की रस्ता, खाण किंवा धरण यांचा विचार होताना त्या रानात पहिल्या अनुसूचीतील हा प्राणी आहे असे कागद बोलत नाही. उलट भेकराला चौशिंगा म्हटले, तर जो प्राणी तेथे नाही त्याच्या रक्षणाचा कागदी आनंद मिळतो. हार्डविकचा 'चिकारा' दोनशे वर्षे जुना झाला, पण त्याच जातीची चूक आजही सहज घडते.

रानात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी पुष्कळ मदत केली आहे. तथापि रात्रीचे छायाचित्र कृष्णधवल येते, प्राणी मान खाली घालून गवतात असतो आणि नेमके डोकेच दिसत नाही. येथे जुने चित्रफलक अजूनही उपयोगी पडतात. त्यांची मुदत केव्हाच सरली असल्याने ते आता संगणकावर कोणासही पाहावयास मिळतात. निष्णात चित्रकार सर्व खुणा एकाच वेळी, स्वच्छ उजेडात मांडून ठेवतो. कॅमेऱ्यास ते क्वचितच साधते. शाळेच्या फळ्यावर किंवा पंचायतीच्या भिंतीवर भेकर, चिंकारा आणि चौशिंगा शेजारी शेजारी रंगविले, तर खर्च एका रंगाऱ्याच्या मजुरीचा आहे.

मात्र अशा चित्रात एक पथ्य पाळावयास हवे. हौशी चित्रकार चौशिंगा काढावयास बसला की चार शिंगांचा नर काढतो. नावच तसे आहे. पण मादीस एकही शिंग नाही, लहान नरास चारही आलेली नसतात आणि दक्षिणेकडे मोठ्या नरासही पुढची जोडी नावापुरतीच असते. म्हणजे रानातले निम्म्याहून अधिक चौशिंगे त्यांच्या नावाप्रमाणे दिसतच नाहीत, आणि भेकराशी गल्लत होते ती त्यांचीच. भेकराच्या मुखावर कपाळाकडून खाली येणाऱ्या काळ्या रेषा असतात, अंग तांबडे व तुकतुकीत असते, पळताना शेपटीखालचा पांढरा रंग चमकतो आणि भ्याल्यास ते कुत्र्यासारखे भुंकते. चौशिंग्याच्या चेहऱ्यावर तशा रेषा नाहीत. त्याचे केस राठ असतात आणि पुढच्या पायांच्या समोरच्या बाजूने एक गडद पट्टा खाली उतरतो. तो नरास असतो तसा मादीसही असतो.

नोंदवही भरताना मादीच्या नावापुढे शिंगांचा रकाना कोराच राहील. पायांवरील पट्ट्याचा, चेहऱ्याचा आणि लेंड्यांच्या ढिगाचा रकाना मात्र भरता येतो. आणि तो भरण्यासाठी पहिला प्रश्न विचारावयाचा तो गावच्या गुराख्याला.